आयन इलेक्ट्रॉन हिसकावत नाही: ग्रुपवर फिरणाऱ्या टिपणाला उत्तर

पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, परीक्षा जवळ आल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मराठी टिपण फिरायला लागतं. त्यातली वाक्यं अशी: 'धन आयन अणूवर आदळला की त्याचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. त्यासाठी टक्कर व्हावीच लागते. ज्याची ओढ जास्त, इलेक्ट्रॉन त्याचाच. वेग जितका जास्त, तितके इलेक्ट्रॉन जास्त. इलेक्ट्रॉन मिळाला की आयन शांत होतो. हे सगळं प्रयोगशाळेपुरतं.'

आमच्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पीयूसी सायन्सला एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. त्या दोन वर्षांत आपल्या भाषेत मिळालेली सोपी गोष्ट ती घट्ट धरून ठेवतात. तीच चुकीची असेल तर बीएस्सीपर्यंत डोक्यातून निघत नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर लिहिते आहे.

धन आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू. आधी टकरीचं. सगळ्यात साधी जोडी घेऊ: हायड्रोजनचा अणू आणि प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गेलेला तोच अणू. हायड्रोजनची बोर त्रिज्या, म्हणजे केंद्रकापासून इलेक्ट्रॉनचं साधारण अंतर, 0.53 अँगस्ट्रॉम. टक्कर व्हावीच लागत असती, तर साधारण या त्रिज्येच्या वर्तुळातून प्रोटॉन गेला तरच इलेक्ट्रॉन बदलला असता. पण 1 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगात ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेच्या संथ प्रोटॉनसाठी अदलाबदलीचं क्षेत्रफळ, म्हणजे इलेक्ट्रॉन बदलण्याची शक्यता दाखवणारं माप, त्या वर्तुळाच्या पन्नासेक पट भरतं. बोर त्रिज्येच्या सुमारे दहापट अंतरावरून जाता जाताही इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे होतो. प्रोटॉनची वाट फारशी वाकतही नाही. तो उदासीन अणू होऊन आपल्या वाटेने पुढे जातो आणि मागे राहिलेला अणू आयन होतो.

यात हिसकावणं कुठे आहे? दोन्हीकडे प्रोटॉनच, दोघांची ओढ सारखीच. दोघं जवळ आले की इलेक्ट्रॉन एकट्या कुणाचा राहत नाही, दोन्ही केंद्रकांमध्ये त्याच्या येरझाऱ्या सुरू होतात. दोघं लांब जाताना त्या येरझाऱ्या कुठवर आल्या होत्या, त्यावर तो कुणाकडे राहणार हे ठरतं. संथ वेगाला, पुरेशा जवळून गेलेल्या प्रोटॉनांपैकी सरासरी निम्म्यांकडे इलेक्ट्रॉन जातो.

आता ओढीचं वाक्य. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं, कारण ते पटण्यासारखं आहे. हेलियममधून इलेक्ट्रॉन काढायला 24.59 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आर्गॉनमधून 15.76. म्हणजे हेलियमच्या आयनाची ओढ कितीतरी जास्त. टिपण खरं असेल तर हेलियम आयन आर्गॉनजवळून गेला रे गेला की इलेक्ट्रॉन त्याच्याकडे जायला हवा. प्रत्यक्षात नेहमीच्या तापमानाला ही अदलाबदल जवळजवळ होतच नाही. कारण इलेक्ट्रॉन गेला तर 8.8 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा शिल्लक उरते, आणि दोन साध्या अणूंच्या संथ भेटीत ती सामावायला जागा नसते.

आर्गॉनऐवजी नायट्रोजनचा रेणू ठेवून बघा. त्यातून इलेक्ट्रॉन काढायला 15.58 लागतात, आर्गॉनच्या जवळपास तेवढेच. ओढीचा हिशेब बदललेला नाही. तरी हेलियम आयन आणि नायट्रोजन यांच्यातली अदलाबदल आर्गॉनच्या हजारो पट वेगाने होते. नायट्रोजनचा रेणू मोडून एक अणू आणि एक आयन असे तुकडे व्हायला सुमारे 24.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. हेलियमच्या 24.59 शी हा आकडा जवळजवळ जुळतो, म्हणून शिल्लक ऊर्जेला वाट मिळते. प्रोटॉन आणि ऑक्सिजनचा अणू यांचंही तसंच. हायड्रोजनचे 13.60, ऑक्सिजनचे 13.62, फरक फक्त 0.02. ही जोडी दोन्ही दिशांनी सहज इलेक्ट्रॉन बदलते.

ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या शेजारून चालल्या आहेत असं समजा. दोन्हींची उंची सारखी असेल आणि त्या काही वेळ बरोबर चालल्या, तर मोळी इकडून तिकडे सरकवता येते. उंचीत फार फरक असेल किंवा एक ट्रॉली सुसाट निघून गेली, तर ओढणाऱ्याच्या दंडात कितीही जोर असला तरी जमत नाही. इलेक्ट्रॉनच्या अदलाबदलीतही हेच दोन प्रश्न विचारायचे: ऊर्जेच्या पातळ्या किती जुळतात, आणि दोघं किती वेळ जवळ असतात.

वेगाचं वाक्य इथेच कोसळतं. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनचा स्वतःचा वेग सेकंदाला सुमारे 2,200 किलोमीटर. 25 हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन त्याच वेगाने जातो. त्याच्या पुढे इलेक्ट्रॉन मिळण्याची शक्यता धाडकन खाली येते. ऊर्जा तिथून चौपट केली तर अदलाबदलीचं क्षेत्रफळ दहापटीहून जास्त घटतं. पळत्या आयनाबरोबर जायचं तर इलेक्ट्रॉनलाही तेवढाच वेग मिळायला हवा, आणि तो द्यायला वेळच उरत नाही. त्या वेगाला आयनाचे उरलेले इलेक्ट्रॉनच झडतात.

याच गोष्टीवर मुंबईत एक अख्खं यंत्र उभं आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून 14 दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक, म्हणजे आयनांना वेग देणारं यंत्र, आहे. त्यात आधी ऋण आयन, म्हणजे जास्तीचा इलेक्ट्रॉन असलेले अणू, सोडतात. मधलं धन टोक त्यांना खेचून घेतं. तिथे कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन झडतात, ते धन होतात, आणि तेच टोक मग त्यांना पुढे ढकलतं. एकाच व्होल्टेजचा दोनदा उपयोग होतो. वेगवान आयन इलेक्ट्रॉन गोळा करत सुटला असता तर हे यंत्र चाललंच नसतं. फ्रान्समधल्या ईटर या अणुसंमीलन प्रकल्पाची, ज्यात भारतही भागीदार आहे, अडचण हीच होती. तिथे प्लाझ्मा (आयन आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा वायू) तापवायला 10 लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे उदासीन ड्युटेरियम अणू हवेत. एवढ्या वेगाच्या धन आयनाला वाटेत इलेक्ट्रॉन मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणून सुरुवातच ऋण आयनांपासून करायची आणि त्यांचा सैल, जास्तीचा इलेक्ट्रॉन वायूत झडवायचा असं ठरलं. उलट अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून बाहेर पडणारं हेलियमचं केंद्रक, मंदावत आला की इलेक्ट्रॉन उचलू लागतो, हे हेंडरसन आणि रदरफर्ड या शास्त्रज्ञांनी 1922 ते 1924 या काळातच दाखवलं होतं. जमिनीखाली साठलेला हेलियम असाच तयार झालेला आहे.

टिपणाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पातळ्या न जुळणाऱ्या जोड्यांमध्ये अगदी संथ वेगाला अदलाबदल फार कमी असते आणि वेग वाढवला की ती वाढते. पण ती एका टप्प्यापर्यंतच, नंतर उतरते. भौतिकशास्त्रज्ञ मॅसी यांनी 1949 मध्ये हा टप्पा कुठे येईल याचा ढोबळ निकष दिला. अर्धी चढण पाहून पूर्ण नियम लिहिला की असं टिपण तयार होतं.

'आयन शांत होतो' हे वाक्य एका धूमकेतूनेच खोडलं आहे. मार्च 1996 मध्ये हायाकुताके धूमकेतूकडून क्ष-किरण येताना रोसाट उपग्रहाला दिसले. बर्फाच्या गोळ्यातून क्ष-किरण कसे? सौर वाऱ्यात, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोतात, सात-आठ इलेक्ट्रॉन गमावलेले ऑक्सिजनचे आयन असतात. धूमकेतूभोवतीच्या वायूतला इलेक्ट्रॉन त्यांच्याकडे जातो तो बाहेरच्या कक्षेत, आणि आत उतरताना क्ष-किरण सोडतो. शिवाय सौर वाऱ्याचा वेग सेकंदाला 400 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वरच्या 2,200 च्या मानाने हा आयन संथच.

राहिलं प्रयोगशाळेपुरतं असण्याचं. निपाणी ओलांडली की थोड्या वेळात कोल्हापूर येतं. तिथल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून रात्रीच्या आकाशातल्या 630 नॅनोमीटरच्या लाल उजेडाची निरीक्षणं झाली आहेत. डोळ्यांना न दिसणारा हा उजेड सुमारे 250 किलोमीटर उंचीवर तयार होतो. ऑक्सिजनचा आयन ऑक्सिजनच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेतो, आयन झालेल्या त्या रेणूला मोकळा इलेक्ट्रॉन भेटतो, रेणू मोडतो, आणि उत्तेजित झालेला एक अणू लाल प्रकाश सोडतो. आयनांचा थर खाली सरकला की त्याला रेणू जास्त भेटतात आणि उजेड वाढतो. थरात बुडबुड्यांसारखी पोकळी झाली की कॅमेऱ्यात काळे पट्टे दिसतात. अशा पट्ट्यांतून येताना उपग्रहांचे सिग्नल डळमळतात, आणि संकेश्वरच्या रस्त्यावर मोबाइलला वाट दाखवणारे सिग्नलही याच थरातून खाली येतात.