लिंबू, सोडा आणि मेडिकलवरची ट्यूब: वांगाच्या ‘त्या’ मेसेजला उत्तर

‘वांगावर सात रात्रींचा खात्रीशीर उपाय’ या मथळ्याचा मेसेज सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत भिशीच्या आणि महिला मंडळांच्या ग्रुपवर फिरतोय. आता तो घरातल्या मावशीच्याच फोनवर आला आणि तिने बाजारातून लिंबं मागवली, म्हणून गप्प बसणं शक्य नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: वांग, म्हणजे चेहऱ्यावरचे तपकिरी डाग, ही पोटातली उष्णता. लेझरने कातडी जळते आणि पुढे कॅन्सर होतो. त्यापेक्षा लिंबाचा रस आणि खायचा सोडा चोळा आणि सकाळी कोवळ्या उन्हात 15 मिनिटं बसा. तेवढ्याने नाही गेला तर मेडिकलवर मिळणारी ‘तीन औषधांची ट्यूब’ रोज दोनदा लावा, डॉक्टरची फी वाचवा. सनस्क्रीन हे कंपन्यांचं फॅड, फार तर उन्हाळ्यापुरतं.

लिंबापासूनच सुरुवात करू, कारण एवढा उफराटा सल्ला क्वचित वाचायला मिळतो. लिंबाच्या रसाचा पीएच (आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) 2 ते 2.5 च्या आसपास, त्वचेचा साधारण 5. आम्ल तर आहेच, पण खरी गोम सालीतल्या तेलात आहे. लिंबू पिळताना ते रसात उतरतं आणि त्यात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की उन्हातल्या अतिनील-ए किरणांनी ती चेतवली जातात आणि पेशींना इजा करतात. लगेच काही दिसत नाही. एक-दोन दिवसांनी लाली, जळजळ, कधी फोड, आणि मग रस जिथे ओघळला तिथे तपकिरी ओघळांचे डाग, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकणारे. थोडक्यात, डाग घालवायला सांगितलेली कृती ही डाग पाडायची कृती आहे, आणि ‘कोवळ्या उन्हात बसा’ ही त्यातली शेवटची पायरी!

सोड्याचं काय? लिंबात सोडा टाकला की फसफसतं. त्या फेसात कसलीही ताकद नसते. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि वाटीत सोडियम सायट्रेटचं पाणी उरतं. सोडा जास्त झाला तर मिश्रण अल्कधर्मी होतं आणि त्वचेचं वरचं संरक्षण सैल पडतं. न विरघळलेली कणी चोळली की बारीक ओरखडे. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला ओरखडा, भाजणं, फोडलेला मुरूम, कशाचंही निमित्त पुरतं. दाह ओसरला की मागे काळा डाग राहतो.

आता ट्यूब. संतापाचा खरा मुद्दा हा, कारण ही लागू पडते. निदान पहिले दोन-तीन आठवडे.

या ट्यूबमध्ये सहसा हायड्रोक्विनोन 2%, ट्रेटिनॉइन 0.025% आणि मोमेटासोन 0.1% असतं. हायड्रोक्विनोनने रंगद्रव्य तयार होणं मंदावतं, ट्रेटिनॉइन वरच्या पेशी लवकर झडायला लावतं, आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड या दोघांनी होणारी आग शमवतं. स्टिरॉइडने रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून चेहरा उजळ आणि नितळ दिसतो. शेजारीण विचारते, ‘काय लावतेस गं?’ आणि ट्यूबचा फोटो पुढच्या ग्रुपवर जातो.

या तिहेरी मिश्रणात तथ्य आहे, हे नाइलाजाने का होईना, कबूल करावं लागतं. क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 मध्ये असंच तिहेरी सूत्र मांडलं आणि वांगावरच्या उपचारांत त्याची सुधारित रूपं आजही वापरली जातात. पण कशी? रात्री एकदाच, फक्त डागावर, वाटाण्याएवढं, साधारण 8 आठवडे, आणि मधे डॉक्टरांनी चेहरा बघून. मेसेज सांगतो दिवसातून दोनदा, अख्ख्या चेहऱ्यावर, ‘उजळेपर्यंत’. तसं लावलं की दोन-तीन महिन्यांत कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, बारीक पुरळ येतं, लव वाढते. ट्यूब बंद केली की काही दिवसांत चेहरा लाल होऊन पेटतो आणि वांग परततो, अनेकदा आधीपेक्षा गडद. बाई घाबरून ट्यूब पुन्हा सुरू करते, दोन दिवसांत बरं वाटतं, आणि त्या ट्यूबचं व्यसन लागतं. दिवसा लावलेलं ट्रेटिनॉइन उन्हात चुरचुरतं ते वेगळंच. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावत राहिलं तर निळसर-काळे डाग पडू शकतात, आणि ते घालवणं मूळ वांगापेक्षा अवघड.

हे कुणाच्या मनाचे खेळ नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात 2011 मध्ये 12 केंद्रांवरचा अभ्यास छापून आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2926 रुग्ण तपासले, त्यांतले 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. म्हणजे दर सातांत एक. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टरने दिलेलंच नव्हतं. गोरेपणाची किंवा ‘रोजची’ क्रीम म्हणून लावणारे भरपूर होते. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, 2018 मध्ये केंद्र सरकारने नियम आणखी आवळला, तरी काउंटरवर काय चालतं ते आपण बघतोच. म्हणून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव दिसलं तर ती ‘क्रीम’ नाही, स्टिरॉइडचं औषध आहे.

लेझर आणि कॅन्सरचं लवकर उरकू. डागांसाठीचं लेझर प्रामुख्याने 1064 किंवा 532 नॅनोमीटरचं, म्हणजे अवरक्त किंवा हिरवा प्रकाश. अतिनील नव्हे, क्ष-किरणही नव्हेत. काही नॅनोसेकंदांच्या झटक्यात रंगद्रव्याचे कण फुटतात आणि शरीर ते हळूहळू उचलून नेतं. गंमत बघा, कॅन्सरशी खरोखर संबंध असलेले अतिनील किरण उन्हातच असतात, आणि त्याच उन्हात हा मेसेज तुम्हाला बसवतो.

भाजण्याची भीती मात्र अगदीच पोकळ नाही. ऊर्जा जास्त झाली, ताज्या रापलेल्या कातडीवर सिटिंग घेतलं, किंवा गोऱ्या कातडीचं सेटिंग आपल्याकडे तसंच वापरलं तर भाजतं आणि डाग वाढतो. 532 तीळवजा ठिपक्यांवर चांगलं चालतं, पण सावळ्या कातडीवर मागे डाग ठेवण्याचा धोका त्यातच जास्त. वांगासाठी 1064 वर कमी ऊर्जेची सिटिंग घेतात. ती फार जवळजवळ आणि फार वेळा घेतली तर पांढरे ठिपके पडतात, आणि ते भरून निघतीलच असं नाही. शिवाय लेझरने वांग मुळापासून जात नाही. रंग बनवणाऱ्या पेशी चेतलेल्याच राहतात, ऊन मिळालं की पुन्हा कामाला लागतात. त्यामुळे ‘एका सिटिंगमध्ये वांग गायब’ असा फ्लेक्स लावणाराही या मेसेजचाच भाऊ. वांगाला आधी सनस्क्रीन आणि मलमं, लेझर नंतर, गरज उरली तर.

जायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाची पदवी आणि नोंदणी बघा. मशीन कोणतं, तरंगलांबी किती, हे विचारा. कानामागे किंवा जबड्याच्या कडेला पॅच टेस्ट, म्हणजे छोट्याशा जागेवर चाचणी, घ्या आणि दोन ते चार आठवडे थांबा, कारण डाग उशिरा उमटतो. डोळ्यांवर झाकण हवंच. ट्रेटिनॉइन आठवडाभर आधी बंद. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीला उभं राहायचं असेल तर सिटिंग त्या कामानंतर ठेवा.

‘सनस्क्रीन उन्हाळ्यापुरतं’ हेही चूक. ढगांतून किरण येतात, आणि खिडकीच्या काचेतून अतिनील-ए येतंच. वांगाला तर डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा चिडवतो. म्हणून साध्यापेक्षा आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन बरं. एसपीएफ 30 किंवा जास्त, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवरच्या दोन पट्ट्या, बाहेर असाल तर दर दोन तासांनी. मोहरीएवढं लावून ‘काही उपयोग नाही’ म्हणू नका. स्कूटीवर स्कार्फ बांधताच, तो झिरझिरीत ओढणीपेक्षा घट्ट विणीचा आणि गडद असू द्या.

राहिली पोटातली उष्णता. वांगामागे ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता असते, पित्त नव्हे. एक अपवाद द्यायला हवा. मानेच्या किंवा काखेच्या घडीत मखमलीसारखा जाड काळेपणा आला असेल तर तो घासून जाणार नाही, त्यामागे बऱ्याचदा इन्सुलिनची गडबड असते. साखर तपासून घ्या.

ज्यांनी ती ट्यूब महिनोन्‌महिने लावली आहे त्यांनी ती एका रात्रीत टाकून देऊ नये, आणि त्या चेहऱ्यावर लिंबू, स्क्रब, फेशियल, लेझर यांतलं काहीच करू नये. खोकं फेकू नका. किती महिने, दिवसातून किती वेळा, ते त्याच्यावरच लिहून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन दोन्ही तेव्हा चालत नाहीत, अॅझेलेइक अॅसिडसारखा पर्याय डॉक्टर देऊ शकतात. आणि मावशी, ती लिंबं सरबताला वापर.