कोरडी विहीर म्हणजे रिकामा रकाना नव्हे

प्रबंध द्यायचे दिवस आले की गोव्यातल्या आमच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो: ‘एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा मोजणी केलीय? अनोवा विसरा. सगळी मिक्स्ड मॉडेल्स चालवा, सर्वांत कमी एआयसीचं घ्या. सुटलेल्या नोंदी मॉडेल सांभाळून घेतं.’ (अनोवा म्हणजे सरासरींतला फरक तपासायची जुनी पद्धत; मिक्स्ड मॉडेल म्हणजे प्रत्येक ठिकाणाचं वेगळेपण हिशेबात धरणारं मॉडेल; एआयसी म्हणजे मॉडेल नोंदींशी किती जुळतं आणि किती गुंतागुंतीचं आहे, याचा एकत्र आकडा.) यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच पोरं फसतात.

समजा, डिचोलीकडच्या 20 विहिरींची पातळी डिसेंबर ते मे दर महिन्याला मोजली.

अनोवा विसरा? नोंदी पुऱ्या असतील तर प्रत्येक विहिरीला फक्त वेगळा इंटरसेप्ट (स्वतःची मूळ पातळी) देणारं मिक्स्ड मॉडेल महिन्यांच्या फरकासाठी सहसा अनोवाचाच एफ (फरक योगायोगाच्या मानाने किती मोठा, तो आकडा) देतं. कारण गृहीतकही तेच: कुठल्याही दोन महिन्यांचं नातं सारखंच. विहिरीत तसं नसतं. एप्रिल मेला जितका जवळ, तितका डिसेंबरला नाही. नाव बदलून हा दोष जात नाही. अनोवाला निदान 1959 पासून हे गृहीतक मोडलं तर कसोटी कडक करणारी ग्रीनहाउस-गाइसर दुरुस्ती तरी आहे.

कमी एआयसी? तुम्ही उभ्या केलेल्या उमेदवारांतला त्यातल्या त्यात बरा कोण, एवढंच तो सांगतो. सगळेच पडेल असले तरी एक निवडून येतोच! त्यात स्थिर परिणाम (महिन्यासारखे, सगळ्या विहिरींना सारखे लागू होणारे) वेगवेगळे असलेली मॉडेल्स आरईएमएलवर (एमएल, म्हणजे महत्तम संभाव्यता या अंदाजपद्धतीच्या सुधारित रूपावर) बसवून एआयसी ताडून पाहणं चूकच. ती तुलना साध्या एमएलवर करायची. आणि सहा महिन्यांचं मोकळं सहविचरण (प्रत्येक महिन्याचा चढउतार आणि प्रत्येक दोन महिन्यांचं नातं वेगळं) घेतलंत तर नोंदींवरून काढायचे 21 आकडे, म्हणजे प्राचल, झाले. विहिरी 20!

पुन्हापुन्हा केलेल्या मोजण्यांसाठी जीईई नावाची आणखी एक पद्धत आहे; तिचं संदेशात नावही नाही. तिथे प्रश्न सरासरी विहिरीचा असतो. पण 20 विहिरींवर तिची प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत, याचं माप) बहुधा खरीपेक्षा कमी दिसते.

सगळ्यात घातक शेवटचं वाक्य. वाटेत स्कूटर बंद पडली म्हणून मार्चची नोंद हुकली, तर मिक्स्ड मॉडेल खरंच सांभाळून घेतं. पण मे महिन्यात विहीर आटली म्हणून रकाना रिकामा राहिला, तर नोंद नसण्याचं कारण खुद्द पातळीच आहे. मॉडेल बापडं आधीच्या महिन्यांवरून अंदाज बांधणार, आणि उन्हाळा होता त्याहून सौम्य दिसणार. खरं तर तिथे माहिती आहे: पाणी तळाच्या खाली गेलंय. अशा मर्यादित नोंदींसाठी (नेमका आकडा नाही, पण तो कुठल्या मर्यादेपलीकडे ते ठाऊक) वेगळी मॉडेल्स असतात, पण त्यांना तळ किती खोल ते सांगावं लागतं. तेव्हा वहीत रेघ मारू नका. ‘कोरडी’ लिहा, आणि शेजारी विहिरीची खोली.