खापर टॉवरवर

परवा सोसायटीत मोबाइल टॉवरविरुद्ध सह्या करायची नोटीस लागली आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर बापूंना आयताच विषय मिळाला.

“टॉवर आले आणि मधमाशा गेल्या. संपलं!”

“कुठं गेल्या?” संपतनं विचारलं. संपत निफाडकडचा. कांद्याचं बी करतो, मधपेट्या घरच्याच. पोराला क्लासला सोडलं की कट्ट्यावर येऊन टेकतो.

“चंदीगडला २०१० मध्येच सिद्ध झालंय. मोबाइल ठेवले, राणीची अंडी घटली, मध घटला. वाचत जा जरा!”

“वाचलंय. फोन पेटीच्या आत होते, कॉल चालू ठेवून. बापू, तुमच्या पलंगाखाली नाशिक ढोल बडवला तर तुम्हीही घर सोडाल. म्हणून पंचवटीतल्या ढोलानं कॉलेज रोड रिकामा होतो का?”

“आइनस्टाइन म्हणालाय, माशी संपली की चार वर्षांत माणूस संपला!”

“असं तो कुठंच म्हणालेला नाही,” मनीषा म्हणाली. ती फिजिक्स शिकवते.

“म्हणाला असता!”

याच बापूंनी मागं पेपरच्या गुंडाळीत लिंबू बांधून सिग्नल वाढवला होता, ते दिन्यानं काढलंच. तो वाद दहा मिनिटं चालला.

मग मनीषा संपतकडे वळली. “पण काहीच होत नाही, असंही म्हणू नकोस. २०११ मध्ये स्वित्झर्लंडचे संशोधक फाव्र यांनी पेटीत फोन सुरू ठेवले, तर अर्ध्या तासाच्या आसपास कामकरी माशा वेगळाच आवाज काढायला लागल्या, थवा उठायच्या आधी काढतात तसा. २०१९ च्या एका प्रयोगात मोबाइलची किरणं सोडलेल्या कोशांतून राण्या कमी बाहेर पडल्या. ज्या पडल्या, त्यांचं मीलन मात्र नीट झालं. शिवाय तरंगलांबी माशीच्या मापाजवळ आली की तिच्या अंगात जास्त ऊर्जा शोषली जाते. फाइव्ह-जीच्या वरच्या पट्ट्यांच्या लहरी तशाच आखूड, म्हणून त्यांचं तपासायलाच हवं. आपल्याकडची २०१२ ची टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, पण ती माणसासाठी.”

“बघ! मी काय म्हणत होतो!” बापूंनी टाळी मागितली. कुणी दिली नाही.

“तपासा ना ताई, मी कुठं अडवतो?” संपतचा आवाज चढला. “पण माझ्या मळ्यापासून टॉवर हाकेच्या अंतरावर आहे. तरी चिंचेवर दरसाल आग्या मोहोळ बसतं. माझ्या माशा मेल्या त्या कांद्याचे डोंगळे ऐन फुलात असताना, शेजाऱ्यानं सकाळी दहाला औषध मारलं तेव्हा. पेटीपुढं नुसता सडा. द्राक्षाला माशी लागत नाही, म्हणून द्राक्षवाला फवारणीचा ब्लोअर घेऊन बिनघोर फिरतो. पण माशीला बांध कळतो का भो? माझ्या कांद्याच्या गोंड्यात बी भरायला तीच लागते. त्या साली माशांऐवजी बायको-पोरांनी गोंड्यांवरून हात फिरवत शेत पालथं घातलं. संध्याकाळी मारा, आदल्या दिवशी सांगा, मी पेट्या झाकतो. एवढंच मागणं होतं.”

कुणीच काही बोललं नाही. मला संपतचंच पटतं. युरोपनं २०१८ मध्ये इमिडासकट (म्हणजे इमिडाक्लोप्रिड) तीन कीटकनाशकं उघड्या शेतात वापरायला बंद केली, ती माशांपायीच. टॉवरचा संशय अजून प्रयोगशाळेत आहे आणि औषधानं मेलेली माशी पेटीपुढं पडलेली दिसते. टॉवरविरुद्ध सही करायला सोसायटीतले सगळे धावतात, पण फवारणीची वेळ बदला म्हणून शेजाऱ्याच्या बांधावर कुणी जात नाही. याची मला मनापासून चीड येते.

“आणि इमिडा विकलं कुणी?” संपत बापूंकडे वळला. “पिंपळगावला दुकान कुणाचं होतं?”

“विकलं! तूही नेलंस! दोन डबे, उधारीवर! पैसे अजून यायचेत!”

“नेले, पण मारले नाहीत. तसेच पडलेत, परत घ्या.”

“मुदत संपलेले? व्याजासकट पैसे टाक!”

“बापू, व्याज मधात चालेल?” दिन्या.

बापूंनी खरंच विचार केला. “चालेल. पण टॉवरजवळच्या पेटीतला नको.”

मनीषाला चहाचा ठसका लागला. संपत तर हसता हसता कट्ट्यावरून खालीच बसला.