डब्यातलं धामापूर

धामापूरच्या तळ्यावर थंडीतल्या सकाळी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: "गावले काय रे मासे?" डब्यात ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा कागद आहे आणि हा डबाच कॅमेरा आहे, हे सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. "नाय गावले" म्हटलं की माणूस हळहळून निघून जातो. खरं सांगितलं तर शेजारी बसतो.

या कॅमेऱ्याला भिंग नाही, बटण नाही, नुसतं भोक. पण त्या भोकाचे नखरे! डबा 75 मिमी खोल असेल तर भोक 0.4 मिमीचंच हवं. थंड पेयाच्या कॅनचा तुकडा घ्यायचा, सुईचं फक्त टोक टेकवून गोल फिरवायचं, मागे आलेला उंचवटा पॉलिश पेपरने घासायचा. खिळा ठोकणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये. डबा आतून मॅट काळा रंगवायचा, नाहीतर पत्र्याची चकाकी कागदावर उतरते. शटर म्हणजे काळी इन्सुलेशन टेप.

खोलीला भोकाने भागलं की हे झालं एफ/188. कागद साधारण 6 आयएसओचा, म्हणजे प्रकाश टिपायला फारच मंद, धरला तर भोक कडक उन्हात 23 सेकंद उघडं ठेवायचं, धुक्यात तीन मिनिटं सहज. तेवढ्यात लाटा पुसल्या जाऊन पाणी साईसारखं दिसतं आणि चालता माणूस उमटतच नाही. पण आमच्याकडे चालतो कोण? सगळे डब्यासमोर उभे. पाय रोवलेले, म्हणून पाय उमटतात. मान चौकशीत गुंतलेली, म्हणून डोकं गायब. पाय कुणाचे ते वाडीत चपलेवरून ओळखतात.

कागदाला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे जांभा काळाकुट्ट आणि आभाळ कोरं. त्याच कृपेने न्हाणीघरात लाल एलईडी लावून काम करता येतं. लाइट गेली तर उत्तमच, एलईडी बॅटरीवरचा असला म्हणजे झालं.

खरा छळ पाण्याचा. कागदावर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरला 20 अंश लागतात आणि नळाचं पाणी जानेवारीतही ऐकत नाही. गरम डेव्हलपरमध्ये चित्र धावत येतं; घाबरून लवकर उचललं तर डाग, थांबलं तर कोळसा. बर्फ मासळीबाजारात मिळतो, पण तो पिशवीत बांधूनच ट्रेखाली ठेवावा. थेट टाकला तर डेव्हलपर पातळ होतो, आणि वास येतो तो वेगळाच. ते उमटणं थांबवणाऱ्या स्टॉप बाथला एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी. चित्र पक्कं करणारा फिक्सर मात्र विकतचाच. आणि मापाला घेतलेली वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. धुतली आहे, हे कुणी ऐकून घेत नाही.