येऊ द्या, येऊ द्या…

परवा शनिवारी माझं विमान एका निवृत्त एसटी कंडक्टरनं स्टँडला लावलं. कंडक्टर म्हणजे माझे सासरे आणि स्टँड म्हणजे फ्लोरिडातल्या लेक डोरावरचा लाकडी धक्का. हसू नका, अजून डोकं तापलेलंच आहे.

मी पाण्यावर उतरायला शिकतोय, तेही १९४७ सालच्या, जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणाऱ्या सीबी विमानात. महायुद्धात थंडरबोल्ट लढाऊ विमानं बांधणाऱ्या रिपब्लिक कंपनीला वाटलं, युद्धावरून घरी परतलेला जो तो आता मोटारीसारखं विमान घेणार. १,०६० सीबी झाली आणि कारभार आटोपला. त्यातलं एक माझ्या नशिबी आलं. इंजिन डोक्यावर, पंखा पाठीमागे. पॉवर द्यावी तर नाक खाली जातं. चाकं वर घ्यायला दोन सीटांमधला दांडा हापशासारखा मारत बसायचं. चाकं खाली राहिली आणि पाण्यावर टेकलो, तर विमान उलटं. म्हणून प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणायचं, "पाण्यावर उतरतोय, चाकं वर!" शिवाय निघण्याआधी विमानाच्या पोटात साठलेलं पाणी पंपानं उपसायचं. कामं सगळी होडीची, भाडं मात्र विमानाचं.

हे सगळं जमलं. अडलं पार्किंगला.

वारा धक्क्याकडे वाहत होता. पाण्यावर ब्रेक नसतो, आणि एवढ्या मोठ्या शेपटीला वारा लागला की विमान वाऱ्याकडे तोंड फिरवतं. म्हणजे धक्का जवळ आला रे आला की आमची म्हैस वळून तळ्याकडे बघणार. तीन वेळा गेलो, तीन वेळा वळली. इंजिन चालू असेपर्यंत भाड्याचा मीटर पळतो, हेही सांगून ठेवतो.

धक्क्यावर आण्णा. गळ्यात मफलर, हातात चिवड्याची पुडी. बार्शी डेपोत तीस वर्षं काढलेली. तिसऱ्या फेरीला त्यांनी पुडी खिशात घातली आणि दोन्ही हात वर केले. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना, पण ते हात मी ओळखले. पंढरपूरच्या यात्रेत, गाड्यांच्या खेचाखेचीत बस मागे घेतात ते हात.

प्रशिक्षकांनी शांतपणे इंजिन बंद केलं. "आता वाऱ्यालाच ढकलू दे," म्हणाले. विमान मागे मागे सरकायला लागलं. शेपूट उजवीकडे न्यायची तर नाक डावीकडे; आधीच डोक्याचा भुगा, त्यात शांततेत आण्णांचा आवाज घुमला.

"येऊ द्या, येऊ द्या… जावईबापू, डावीकडं! अहो, तुमचं डावं! येऊ द्या… अजून हातभर… बस्स! होल्ड!"

विमान धक्क्याच्या टायरला टेकलं. अलगद. आण्णांनी ॲल्युमिनियमच्या पोटावर अंगठीच्या हातानं एक थाप मारली, सिंगल बेल. सत्तरी ओलांडलेल्या पत्र्यावर! मी साधी बुटाची टाच लावली तरी कपाळाला आठ्या घालणारे प्रशिक्षक हसत उतरले आणि त्यांनी आण्णांशी हात मिळवला. आण्णांना इंग्रजी येत नाही, प्रशिक्षकांना मराठी. अर्धा तास गप्पा चालल्या. चिवडा संपला. दोऱ्या मीच बांधल्या.

बरं, एवढं करून परवाना मिळाला तरी काय? पाण्यावरचं विमान एकट्याच्या हाती भाड्यानं द्यायला इथे बहुतेक कुणी तयार नसतं. विमा आडवा येतो. म्हणजे हजारो डॉलर घालवून शिकायचं आणि नंतर शेजारी कुणाला तरी बसवूनच उडायचं. हे आधी कुणी सांगत नाही. मी विचारलं नाही, हेही खरं.

रात्री आण्णा फोनवर होते. मेहुणा पुढच्या आठवड्यात इकडे येतोय.

"कपाटात वरच्या कप्प्यात माझी शिट्टी आहे बघ," ते सांगत होते, "दोरीसकट आण."