"फोटो उलटा, माल नकली" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी तीन आहेत: फोटो उलटा आहे आणि पत्र्याला चुंबक चिकटतं, म्हणून टिनटाइप (पत्र्यावर काढलेला जुना फोटो) नकली, कोपरा गंजलेला, आणि स्पिरिटने पुसल्यावर चेहरा पुसट झाला.

गंजाचं तुमचं म्हणणं खरं आहे. खालच्या कोपऱ्यातला फोड वर्णनात लिहायला हवा होता, मागच्या बाजूचा फोटोही टाकायला हवा होता. चूक आमची.

पण वस्तू अस्सल आहे. टिनटाइपला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातल्या पत्र्यावरच चित्र उमटतं, म्हणून डावं-उजवं बदलतं. त्या गृहस्थांच्या कोटाची बटणं बायकांच्या बाजूला दिसतात. फोटो आरशासमोर धरा, जागेवर येतील. नावात टिन असलं तरी पत्रा लोखंडाचा, वर काळं जपान वार्निश. अमेरिकेत याचं पेटंट १८५६ चं. चुंबक चिकटायलाच हवं. हल्ली नव्याने करणारे बहुतेक जण ॲल्युमिनियम वापरतात, त्याला ते चिकटत नाही. दहापट भिंगाखाली छपाईचे ठिपकेही दिसणार नाहीत.

फोटो ज्या कागदी पाकिटात आहे, त्यामागे २ सेंटचं कराचं तिकीट आहे. अमेरिकेत फोटोंवर हा कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच होता. पाकीट बदलता येतं, म्हणून नुसत्या तिकिटावरून आम्ही काळ सांगत नाही. इथे पाकिटाच्या खिडकीचा वळ पत्र्यावर तंतोतंत बसलाय, म्हणजे पाकीट याच फोटोचं.

स्पिरिटचं मात्र वाईट वाटलं. वरचं वार्निश बहुधा सँडरॅक डिंक अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेलं असायचं, त्यामुळे स्पिरिट लागलं की ते पुन्हा सुटतं आणि खालची चांदीची प्रतिमा उघडी पडते. कृपया आता काहीच लावू नका, पाणीसुद्धा नाही. गंजाचा फोड दाबू नका. काळा थर चिरतो तिथून दमट हवा शिरते, गंज फुगतो आणि प्रतिमेची खपली निघते. मुंबईच्या पावसाळ्यात हे झपाट्याने होतं, तेव्हा सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा बरा. पीव्हीसीचं पाकीट नको, पॉलिएस्टरचं घ्या.

वर्णन अपुरं होतं, म्हणून स्पिरिट लागलेलं असूनही पूर्ण पैसे परत देऊ. कुरियरचा खर्चही आमचा. पाठवताना पत्रा मऊ कागदात गुंडाळून दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. चिकटपट्टी पुठ्ठ्यालाच लावा, आणि बबल रॅप बाहेरून. पत्र्याला टेकला तर गोल डाग पडतात.