कोणाकडे जायचंय?

जुन्या गल्लीकडे पाय वळले की दर वेळी तोच प्रश्न, "कोणाकडे जायचंय?" अहो, कोणाकडे म्हणजे? इथंच लहानाचा मोठा झालो मी! दोन रस्त्यांना जोडणारी वाहती गल्ली होती ही. आता गेट, रजिस्टर, मोबाइल नंबर, वर ओटीपी. पुनर्विकास इमारतींचा होता ना, मग रस्ता का गिळला? शेजारशेजारचे छोटे प्लॉट एकत्र केले की मधली बोळ कुंपणाआड जाते आणि शाळेच्या पोरांना मुख्य रस्त्यावरच्या गाड्यांमधून वळसा पडतो. याचं कुणालाच काही वाटत नाही, संताप त्याचा येतो.

ज्या भिंतीवर कोळशाने स्टंप काढले होते, तिथे पार्किंगचा रॅम्प आहे. तेही सोसलं असतं. पण ते झाड! 'आम्ही झाड वाचवलं' म्हणून मिरवतात, आणि बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक ठोकलेत. पाणी मुरायला वीतभर माती नाही, मुळांना हवा नाही. शेंडा वाळायला लागलाय. निदान बुंध्याभोवतीचे ब्लॉक तरी उचला ना. एक पहार आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे!